काळं पैंजण आणि समीकरणाचा ताळा

मुलांनो, आणि मुलांबरोबर आवर्जून आलेल्या पालकांनो,

येताना मी हे एक पैंजण घेऊन आलेय. हुपरीचं आहे, माझ्या लहानपणचं. कितीतरी वर्षं ट्रंकेत पडून होतं. परवा काढलं तर काळंकुट्ट. आता मला सांगा, सोनाराच्या नाजूक काट्यावर हे ठेवलं तर वजन कमी भरेल की जास्त? बऱ्याच जणांनी ‘कमी’ म्हटलं. चांदी खराब झाली म्हणजे झिजली, असं आपल्याला वाटतं. पण न घासता तोललं, तर ते मूळ वजनापेक्षा किंचित जास्त भरेल. हवेत अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. त्यातलं गंधक चांदीशी जोडलं गेलं आणि सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसला. वाढलेलं वजन त्या गंधकाचं.

ते आलं कुठून आणि गेलं कुठं, याचा चोख हिशेब म्हणजे रासायनिक समीकरण. दहावीची मुलं ही समीकरणं पाठ करतात, याचं मला फार वाईट वाटतं. बेरजेचा ताळा कुणी पाठ करतं का?

चला, पैंजणाचा हिशेब मांडू. डावीकडे चांदी, हायड्रोजन सल्फाइड आणि ऑक्सिजन. उजवीकडे सिल्व्हर सल्फाइड आणि पाणी. चांदीचा अणू सुटा. हायड्रोजन सल्फाइडच्या रेणूत हायड्रोजनचे २ अणू, गंधकाचा १. ऑक्सिजन मात्र पैंजणासारखा, जोडीनंच येतो. सिल्व्हर सल्फाइडमध्ये चांदीचे २ आणि गंधकाचा १. पाण्यात हायड्रोजनचे २, ऑक्सिजनचा १.

गंधक जुळलं, हायड्रोजन जुळला. चांदी डावीकडे १, उजवीकडे २, म्हणून डावीकडच्या चांदीपुढे २ लिहू. राहिला ऑक्सिजन: डावीकडे २, उजवीकडे १. इथं हात शिवशिवतात. पाण्याच्या सूत्रातच एक ऑक्सिजन वाढवला, एच-टू-ओ चं एच-टू-ओ-टू केलं, की जुळलं! पेपर तपासताना हे मी शेकडो वेळा पाहिलंय. आकडे जुळतात, पण पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. जखम धुवायला दवाखान्यात वापरतात ते. तहान लागल्यावर कुणी पिईल का? सूत्रातला खालचा लहान आकडा ही त्या पदार्थाची ओळख आहे, त्याला हात लावायचा नाही. पुढचा मोठा आकडा सांगतो, असे रेणू किती. तेवढाच आपल्या हातात.

म्हणून पाण्यापुढे २. आता उजवीकडे हायड्रोजन ४ झाले, तेव्हा हायड्रोजन सल्फाइडपुढे २. त्यामुळे गंधक डावीकडे २, मग सिल्व्हर सल्फाइडपुढे २. त्यात चांदीचे ४ अणू आले, म्हणून डावीकडे चांदीच्या २ चे ४. पुन्हा मोजा: चांदी ४-४, हायड्रोजन ४-४, गंधक २-२, ऑक्सिजन २-२. एक आकडा हलवला की शेजारचे हलतात. म्हणून पेन्सिलीनं करा आणि खोडायला लाजू नका.

अणू जुळले की दोन्ही बाजूंचं वजनही जुळतं. वजन जुळलंच पाहिजे, हा आग्रह लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचा. १७८९ साली त्यानं आपल्या ग्रंथात साखर आंबण्याच्या क्रियेचा हिशेब मांडला: आत जेवढं घातलं, तेवढंच बाहेर यायला हवं. आपल्या साखरपट्ट्यात मळी आंबवून अल्कोहोल काढतात, ती क्रिया हीच. ग्लुकोजच्या एका रेणूपासून अल्कोहोलचे २ आणि कार्बन डायऑक्साइडचे २ रेणू. अणूंची वजनं मिळवून रेणूंची वजनं पाहा, १८० बरोबर ९२ अधिक ८८.

आता घरचा सिलिंडर घेऊ. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण असतं, सोपं जावं म्हणून सगळं ब्युटेन धरू. रेणूत कार्बन ४, हायड्रोजन १०. जळाल्यावर कार्बन डायऑक्साइडचे ४ आणि पाण्याचे ५ रेणू. ऑक्सिजन शेवटी मोजायचा, कारण डावीकडे तो एकटा आहे, त्याचा आकडा बदलला तरी दुसरं कुणी हलत नाही. उजवीकडे ८ अधिक ५, म्हणजे १३ अणू. जोड्या साडेसहा! घाबरू नका, सगळंच दुप्पट करा. ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०.

आता हे किलोत वाचा. ब्युटेनच्या त्या २ रेणूंचं वजन ११६, पाण्याच्या १० रेणूंचं १८०, म्हणजे ११६ भाग ब्युटेनपासून १८० भाग पाणी. सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, म्हणजे पाणी २२ किलो! सुमारे दोन घागरी पाणी, वाफ होऊन तुमच्या स्वयंपाकघरातून निघून जातं. त्यासाठी हवेतून जवळजवळ ५१ किलो ऑक्सिजन ओढला जातो. हिवाळ्यात सकाळी खिडक्या बंद असताना चहा ठेवा. काचेवर जे धुकं धरतं, त्यात पातेल्यातल्या वाफेबरोबर ज्योतीचंही पाणी असतं.

फळ्यावर प्रोपेन लिहितेय: कार्बन ३, हायड्रोजन ८. त्याचा हिशेब तुम्ही मांडायचा. हा खडू. कोण येतंय?