राळ कोणत्या झाडाची?

हा तपकिरी गोळा हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. आधी वास घ्या, मग मुठीत थोडा वेळ धरा. हाताच्या उबेनं तो मऊ होईल, बोटांना चिकटेल. थंडीत हाच गोळा काचेसारखा तडकतो. हे प्रोपोलिस. आपल्याकडे याला ‘मधमाश्यांचा डिंक’ म्हणतात, आणि तिथूनच घोटाळा सुरू होतो. डिंक पाण्यात विरघळतो. हे पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, कारण ही राळ आहे. म्हणून याचा अर्क काढायला साधारण सत्तर टक्क्यांचं अल्कोहोल वापरतात. पाण्यातला अर्कही मिळतो, पण त्यात उतरणारे घटक बरेचसे वेगळे असतात.

माशी ही राळ तयार करत नाही, हे पहिल्यांदा लक्षात घ्या. मध ती मकरंदापासून घडवते, मेण तिच्या पोटाखालच्या ग्रंथींतून पाझरतं. राळ मात्र झाडाची. कोवळ्या कळ्यांना बुरशी लागू नये, किडीनं खाऊ नये म्हणून झाड हा चिकट लेप स्रवतं. कामकरी माशी तो जबड्यांनी खरवडते आणि मागच्या पायांवरच्या परागटोपलीत भरते. पोळ्यात परतल्यावर तिला ते ओझं एकटीला उतरवता येत नाही, इतकं ते चिवट असतं. दुसऱ्या माश्या चावे घेऊन घेऊन ते ओढून काढतात, त्यात मेण मिसळतात आणि फटी बुजवतात. अशा तयार प्रोपोलिसमध्ये ढोबळमानानं निम्मी राळ, तीस टक्के मेण, दहा टक्के सुगंधी तेलं, पाच टक्के पराग आणि बाकी किरकोळ पदार्थ असतात.

सगळ्याच माश्या हे करत नाहीत. युरोपीय मेलिफेरा जातीची माशी करते, आपली देशी सातेरी माशी करत नाही. फुलोरी माशी फांदीवर पोळ्याच्या दोन्ही बाजूंना चिकट पट्टा देते, मुंग्या त्यात अडकतात.

माश्यांना याचा उपयोग काय? मधपाळाच्या पेटीत, म्हणजे माश्यांच्या घरात, उंदीर शिरून मेला, तर त्याला बाहेर ओढणं त्यांच्या ताकदीबाहेरचं असतं. मग त्या त्याला राळेनं मढवून टाकतात. तो कुजत नाही, वाळतो. मिनेसोटा विद्यापीठातल्या मार्ला स्पिव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९मध्ये याहून खोल गोष्ट दाखवली. पेटीच्या आतल्या भिंतींना प्रोपोलिसचा अर्क लावला, तेव्हा त्या पेटीतल्या माश्यांची प्रतिकारशक्तीची जनुकं कमी चालू राहिली. हे वाईट नाही. बाहेरचे जंतू भिंतीपाशीच कमी झाले, म्हणून शरीराला लढण्यात ताकद घालवावी लागली नाही. पुढच्या प्रयोगात अळ्यांना खडूसारखं कडक करणाऱ्या बुरशीचा संसर्ग घडवला, तर माश्यांनी राळ आणण्याचं काम वाढवलं. मला हे फार मोलाचं वाटतं. या माश्या प्रोपोलिस खात नाहीत, त्यात राहतात. आणि आपण मधपाळांनी मात्र चौकटी चिकटतात म्हणून वर्षानुवर्षं ते खरवडून टाकलं, कमी राळ आणणाऱ्या वसाहतीच पसंत केल्या.

आता रसायन. प्रोपोलिसमध्ये तीनशेहून अधिक संयुगं ओळखली गेली आहेत, पण ती सगळी एका गोळ्यात नसतात. युरोपात माशी मुख्यतः काळ्या पॉपलरच्या कळ्यांवर जाते. तिथल्या प्रोपोलिसमध्ये पिनोसेम्ब्रिन, गॅलँगिन, क्रायसिन ही फ्लॅव्होनॉइडं, म्हणजे वनस्पतींत आढळणारी संयुगं, आणि कॅफिक आम्लाचे एस्टर, म्हणजे त्या आम्लापासून बनलेली संयुगं, सापडतात. ब्राझीलचं हिरवं प्रोपोलिस बॅकॅरिस नावाच्या झुडपाच्या कोवळ्या शेंड्यांपासून बनतं; त्यात आर्टेपिलिन-सी प्रमुख. ब्राझीलच्याच लाल प्रोपोलिसचं मूळ डालबर्जिया, म्हणजे शिसवीच्या कुळातलं झाड, आणि त्यात आयसोफ्लॅव्होनॉइडं. क्यूबात क्लुसियाच्या फुलांतली राळ येते, तिथलं मुख्य संयुग नेमोरोसोन. चार झाडांची चार वेगळी रसायनं, आणि बाटलीवर शब्द मात्र एकच. गंमत अशी की जंतुनाशक गुण चौघांतही दिसतो. सहाजिक आहे, झाडांनी तो लेप त्यासाठीच घडवलेला असतो. पण एका प्रकारावर झालेला अभ्यास दुसऱ्याच्या बाटलीवर छापणं मला पटत नाही.

औषध म्हणून काय हाती आहे? प्रयोगशाळेत स्टॅफिलोकोकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंवर ते चांगलं चालतं. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक पटल असतं, तिथे ते अडतं. माणसांवरचा पुरावा तोंड, ओठ, त्वचा अशा वरून लावायच्या जागी त्यातल्या त्यात बरा आहे. जननेंद्रियावरच्या नागिणीसारख्या फोडांवर, म्हणजे हर्पीसवर, २०००मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली: ९० रुग्ण, तीसतीसचे तीन गट. दहाव्या दिवशी कॅनडातल्या प्रोपोलिसच्या मलमानं २४ जण बरे झाले होते, असायक्लोव्हिर या हर्पीसवरच्या नेहमीच्या औषधाच्या मलमानं १४ आणि नुसत्या मलमानं १२. आकडे उमेद देणारे आहेत, पण तीस माणसांचा गट लहानच.

२०२१मध्ये ब्राझीलमधली कोविडच्या १२४ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली; त्यातल्या ८२ जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर हिरवं प्रोपोलिस दिलं, बाकीच्यांना नुसते नेहमीचे उपचार. रुग्णालयातला मुक्काम कमी झाला, प्राणवायूची गरज मात्र कमी झाली नाही. शिवाय कोणाला काय दिलं जातंय हे रुग्णांना आणि डॉक्टरांना ठाऊक होतं. घरी कधी सोडायचं हा निर्णय माणूस घेतो, म्हणून मुक्कामाच्या दिवसांवर मी फार भार टाकणार नाही.

युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१०मध्ये प्रोपोलिसचे आरोग्यविषयक दावे फेटाळले. कारण नीट ऐका: प्रोपोलिस म्हणजे नेमका कोणता पदार्थ, हेच पुरेसं ठरवून दिलेलं नव्हतं. तेव्हा बाटली घेताना राळ कोणत्या झाडाची, कोणत्या संयुगाचं प्रमाण मोजलं आहे, हे विचारा. शिसं तपासलं का, हेही. झाडाची राळ मिळाली नाही तर माशी ओला रंग आणि डांबरही उचलते.

आणि एक इशारा. कॅफिक आम्लाच्या ज्या एस्टरांचं दाह कमी करण्यासाठी संशोधक कौतुक करतात, त्याच गटातले एस्टर प्रोपोलिसच्या ॲलर्जीचं मुख्य कारण आहेत. मधपाळांच्या हातांवर यामुळे इसब उठतं. ओठांना लावणाऱ्यांचे ओठ सुजतात. मध सोसतो म्हणजे हेही सोसेल असं नाही. दम्याचा किंवा माश्यांच्या पदार्थांच्या ॲलर्जीचा त्रास असेल त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. बाकीच्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावावं आणि दोन-तीन दिवस थांबावं. ही खाज लगेच उठत नाही.