गाफील शत्रू आणि नेमका स्पेल

श्रोतेहो, नमस्कार.

१६६० सालच्या जुलैमध्ये, भर पावसातल्या रात्री शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले, हे कोल्हापुरात कुणाला सांगावं लागत नाही. विशाळगडाची वाट, घोडखिंड, बाजीप्रभू, सगळं आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. मी आज त्या रात्रीच्या सुरुवातीकडे तुमचं लक्ष वेधणार आहे. सिद्दी जौहरचा वेढा भक्कम होता. आधी शरण येण्याची बोलणी लावली गेली आणि पहारे सैलावले. मग पावसानं, अंधारानं पावलं झाकली. आणि दुसऱ्या पालखीत महाराजांच्या वेशात शिवा काशीद बसले. हवा तो माणूस हाती लागला, असं पाठलाग करणाऱ्यांना वाटलं. तेवढा वेळ मिळाला आणि त्या वेळेसाठी शिवा काशीद यांनी प्राण दिले.

त्या बलिदानाची बरोबरी कुठल्याही खेळाशी होत नाही. पण गनिमाला गाफील कसं गाठायचं याचा विचार मी शिकलो तो तिथूनच, आणि तो मी वापरतो एका टेबलावर. खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत छापून आला. एक जण गोष्ट चालवतो, त्याला डीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. पात्र काय करणार हे खेळाडू सांगतो आणि जमलं का नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. राजारामपुरीत आमचा गट रविवारी दुपारी बसतो, मी डीएम असतो.

नवीन जादूगाराला स्पेल, म्हणजे जादूचा मंत्र, निवडायला सांगा, तो आधी फायरबॉलवर, म्हणजे आगीच्या गोळ्यावर, बोट ठेवतो. बाजूचे ओरडतातच, "भावा, फायरबॉल घे की!" स्पेल चांगला आहे, वाद नाही. पण शत्रू सावध असताना टाकलेला फायरबॉल आणि शत्रू गाफील असताना टाकलेला फायरबॉल यांत मोठं अंतर आहे. ते अंतर कमावून देणारे स्पेल वेगळे असतात आणि त्यांनी शत्रूचं एका पैचंही नुकसान होत नाही, म्हणून ते यादीत मागे राहतात.

माझ्या मते त्यातला पहिला मान 'पास विदाउट ट्रेस'चा. दुसऱ्या पातळीचा स्पेल (पातळी जितकी वरची, तितका स्पेल भारी), ड्रुइड म्हणजे निसर्गाची जादू करणारा आणि रेंजर म्हणजे रानावनातला वाटाड्या-योद्धा यांच्याकडे असतो. टाकणाऱ्याच्या तीस फुटांतल्या सगळ्या साथीदारांना लपण्याच्या फाशावर थेट दहा मिळतात, तेही तासभर. हे दहा का मोलाचे, ते सांगतो. या खेळाच्या २०१४च्या नियमांत शत्रूला तुमच्यातला एक जरी दिसला किंवा ऐकू आला, तरी तो गाफील धरला जात नाही. म्हणजे गटाचं लपणं ठरतं ते सगळ्यांत धांदरट माणसावर. चिलखतातला योद्धा दोन फासे टाकतो आणि त्यांतला कमी आकडा धरतो. त्याला चार पडले की चोराच्या, कौशल्याची भर धरून झालेल्या, पंचवीसचा काही उपयोग नाही. त्या चारांत दहा मिळवा, चौदा झाले. साधा पहारेकरी बाराच्या आसपासचा किंवा त्याखालचा आकडा असेल तरच ओळखतो. योद्धा निभावून गेला!

इथं लोक 'इन्व्हिजिबिलिटी'चं, म्हणजे अदृश्य करणाऱ्या स्पेलचं, नाव काढतात. एकट्या हेरासाठी ती उत्तम. पण अदृश्य माणसाच्या पावलांचा आवाज येतोच, आणि वार केला किंवा दुसरा स्पेल टाकला की ती संपते. शिवाय पाच जणांना अदृश्य करायचं तर सहाव्या पातळीचा स्लॉट, म्हणजे स्पेल टाकण्याच्या मोजक्या संधींपैकी एक, खर्ची पडतो. गटासाठी मी ती घेऊ देत नाही, निदान आग्रहानं अडवतो तरी.

'सायलेन्स'वर मात्र माझा फार जीव आहे. वीस फूट त्रिज्येचा गोल, त्यात कुठलाच आवाज उमटत नाही आणि आतला आवाज बाहेर जात नाही. टाकताना मंत्र उच्चारावा लागतो, पण तो एकशेवीस फुटांवरून टाकता येतो. एकदा आमच्या गटानं किल्ल्याच्या बुरुजावरच्या नगाऱ्यावर तो टाकला. पहारेकऱ्यानं त्यांना पाहिलं, टिपरी उचलली, जिवाच्या आकांतानं नगारा बडवला, आणि खालच्या वाड्यात कुणाची झोप मोडली नाही. एका पहारेकऱ्याला कळलं म्हणून सगळ्या गडाला कळलं, असं होऊ द्यायचं नाही, हे त्या पोरांनी स्वतः शोधून काढलं. त्या गोलात शत्रूचा जादूगार सापडला तर उच्चार लागणारा एकही स्पेल त्याला टाकता येत नाही. तुमच्या जादूगारानंही पाय आत घालायचा नाही, हे ओघानं आलंच.

'मायनर इल्यूजन', म्हणजे खोटा आवाज किंवा खोटं दृश्य उभं करणारा स्पेल, तर फुकटचा, त्याला स्लॉटही लागत नाही. उच्चारही नाही, हाताची खूण आणि लोकरीचा पुंजका पुरतो. तालमीतला पैलवान मानेवर हात टाकल्यासारखं करून पट काढतो, तसा हा वापरायचा: मागच्या बोळात पावलांचा आवाज उठवा, पुढच्या दारानं आत शिरा. पालखीतल्या शिवा काशीदांचं तत्त्व यातच आहे. शत्रूला काही दिसू नये यापेक्षा त्याला भलतंच दिसावं, हे कितीतरी वेळा जास्त कामाला येतं.

आता अडचण. यांतले बरेच स्पेल एकाग्रतेवर टिकतात, आणि एका पात्राला एका वेळी असा एकच स्पेल धरता येतो. ड्रुइडनं पास विदाउट ट्रेस धरला असताना त्यानंच दुसरा एकाग्रतेचा स्पेल टाकला, की पहिला तिथंच सुटतो. म्हणून निवड एकट्यानं करायची नाही. ड्रुइड पावलं झाकेल, क्लेरिक, म्हणजे देवाच्या कृपेनं जादू करणारा, सायलेन्स धरेल, आणि जादूगार 'हिप्नॉटिक पॅटर्न'नं तोंड फोडेल. तिसऱ्या पातळीचा हा स्पेल तीस फुटांच्या चौकोनातल्यांना भुलवून जागीच खिळवतो. फासा साधला तो सुटला, बाकीच्यांना कुणी धक्का देऊन भानावर आणेपर्यंत किंवा इजा होईपर्यंत हलता येत नाही. गाफीलपणाची पहिली फेरी संपल्यावर दुसरीही तुमच्याच हातात राहते, म्हणून सुरुवातीला मी फायरबॉलपेक्षा याला पसंती देतो.

डीएम कोणते नियम लावतो, तेही आधीच विचारून घ्या. २०१४च्या नियमांत गाफील शत्रू पहिल्या पाळीत हलू शकत नाही, काही करू शकत नाही, आणि ती पाळी संपेपर्यंत 'काउंटरस्पेल'सारखा, म्हणजे समोरच्याचा स्पेल मोडणारा, प्रतिडावही टाकू शकत नाही. पण पाळी कुणाची आधी, याचा फासा तेव्हाही पडतोच. शत्रूच्या जादूगाराला मोठा आकडा मिळाला तर त्याची पाळी वाया जाते खरी, पण तुमच्या आधीच तो प्रतिडावाला मोकळा होतो. २०२४च्या नियमांनी हे सगळं सौम्य केलं: गाफील शत्रू पाळीच्या क्रमासाठी दोन फासे टाकतो आणि कमी आकडा धरतो, बस्स. तिथं पहिला घाव तुमचा पडला तरी शत्रू त्याच फेरीत उलटून येणार. अशा टेबलावर हिप्नॉटिक पॅटर्नची किंमत आणखी वाढते, आणि बुरुजावरच्या त्या सायलेन्सची तर कुठल्याच नियमांत कमी होत नाही.

नमस्कार.