सावलीतले संसार

पूर्व लंडनमधल्या ब्रिक लेन या रस्त्यावरची एक विटांची इमारत फ्रान्समधल्या धर्मछळाला कंटाळून आलेल्या ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, लोकांनी १७४३ साली प्रार्थनामंदिर म्हणून बांधली. १८१९ मध्ये ती मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाकडे गेली, १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचे सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, झाली आणि १९७६ पासून ती बांगलादेशी कुटुंबांची मशीद आहे. वर भिंतीत बसवलेले सूर्यघड्याळ मात्र पहिल्यापासूनचे आहे, आणि त्यावर लॅटिनमध्ये ‘आपण सावली आहोत’ एवढेच कोरलेले आहे.

इमारतीला चार वेळा नवे भाविक मिळाले, पण त्या भाविकांच्या घरांत धर्म कसा नांदला हे दगडविटांवरून कळत नाही. त्यासाठी कादंबऱ्यांकडेच जावे लागते.

याच रस्त्याचे नाव घेतलेली मोनिका अली यांची ‘ब्रिक लेन’ २००३ साली आली. तिची नायिका नाझनीन अठराव्या वर्षी, वडिलांनी ठरवलेल्या, दुपटीहून मोठ्या वयाच्या चानूशी लग्न होऊन पूर्व लंडनच्या याच टॉवर हॅम्लेट्स भागातल्या एका सदनिकेत येते. इंग्रजीतले ‘सॉरी’ आणि ‘थँक यू’ एवढेच तिला बोलता येते. नशिबाशी झगडायचे नाही, ही आईची शिकवण तिने श्रद्धेसारखी जपलेली आहे. पुढे घरी शिवायला कपड्यांचे गठ्ठे आणून देणाऱ्या तरुण करीमशी तिचे संबंध जुळतात, आणि आपण पाप करतो आहोत या जाणिवेने ती आजारी पडते. हा झगडा ती एकटीने, चार भिंतींत लढते, म्हणूनच तो इतका खरा वाटतो.

झुंपा लाहिरी यांच्या ‘द नेमसेक’मध्ये, त्याच वर्षीच्या, अमेरिकेतल्या हिंदू बंगाली घराच्या गोष्टीत, लग्नाचा आरंभ एका बुटांच्या जोडापासून होतो. कलकत्त्यात स्थळ पाहायला आलेल्या माणसाचे अमेरिकेत बनवलेले बूट दाराबाहेर दिसतात, आणि बैठकीत जाण्याआधी आशिमा हळूच त्यांत पाय घालून पाहते. आतला घाम अजून ओलसर आहे. नवऱ्याचा चेहरा पाहण्याआधी परदेश तिच्या पायांना कळतो.

नदीम अस्लम यांच्या २००४ सालच्या ‘मॅप्स फॉर लॉस्ट लव्हर्स’मधल्या कौकबकडे मात्र थांबून पाहायला हवे, कारण वाचक तिला फार लवकर दोषी ठरवतात. इंग्लंडमधल्या एका गावाला तिथले स्थलांतरित ‘दश्त-ए-तनहाई’, एकटेपणाचे वाळवंट, म्हणतात. तिथे राहणारी ही मौलवीची मुलगी. दीर जुगनू शेजारच्या घरात चंदासोबत लग्नाविना राहतो, कारण चंदाचा नवरा तिला तलाक न देताच बेपत्ता झाला आहे आणि तिला दुसरे लग्न करता येत नाही. कौकबला हे पाप वाटते. मुलगी आणि मुलगे तिच्या धर्मनिष्ठेपायी दुरावले आहेत, आणि ती निष्ठा सोडली तर तिच्याजवळ उरतेच काय, हा प्रश्न लेखकाने तिच्या बाजूनेही विचारला आहे. तिच्या हातून अन्याय घडतो. तरीही तिला खलनायिका समजणे म्हणजे ही कादंबरी अर्धीच वाचणे होय. जुगनू आणि चंदा यांचा खून होतो आणि चंदाच्या भावांना अटक होते.



‘ब्रिक लेन’मधल्या नाझनीनच्या गोष्टीच्या शेवटी स्केटिंगचे बर्फाचे मैदान येते. चानू ढाक्याला परतला आहे, करीमशी लग्न करायला तिने नकार दिला आहे. मुली आणि मैत्रीण रझिया तिला डोळे बांधून इथे आणतात, आणि साडीत स्केटिंग कसे करायचे, एवढीच शंका ती काढते.