६१ दिवसांची गोधडी

(दृश्य : पागोळ्या. ओटीवर पसरलेली अर्धी गोधडी, तिच्या मधोमध झोपलेलं मूल.)

ही मध्ये झोपलीय ती माझी धाकटी. दीड वर्षाची. आणि ती ज्याच्यावर झोपलीय ते माझं काम. ती उठेपर्यंत मधल्या भागाला हात लावायचा नाही. कडेचं शिवायचं. गोधडी कडेनंच शिवायला घेतात, हे माझं नशीब म्हणायचं.

देवगड तालुक्यात, वाघोटन खाडीच्या अंगाला आमचं घर. नवरा ट्रॉलरवर खलाशी. घरात आई, म्हणजे माझ्या सासूबाई, थोरला साडेपाच वर्षांचा, ही धाकटी आणि मी. व्हिडिओ मीच काढलाय, तांदळाच्या डब्याला फोन टेकवून. मध्येच चित्र हललं तर समजा, डबा कुणीतरी ओढला.

कोकणात थंडी ती केवढीशी, तुम्हाला गोधडी कशाला, असं घाटावरची माणसं विचारतात. त्यांनी जुलैत एक रात्र आमच्या माजघरात काढावी. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो इथे, आणि त्यातला बराचसा जून-जुलैतच. लादीला घाम सुटतो. कापसाच्या गादीला एकदा कुबट वास धरला की तो दिवाळीपर्यंत जात नाही. गादी धुता येत नाही, वाळवायला ऊन नाही. गोधडी धुता येते. चुलीवरच्या दांडीवर टाकून धुरात वाळवता येते. खाली दोन, वर एक, झालं अंथरूण.

(दृश्य : मे महिना. कातळावर वाळत घातलेली जुनी कापडं, कडेला दगड.)

कापडाची तयारी आगोटीच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधीची. लाकडं भरायची, मिरची दळायची, तसंच हेही एक काम. वर्षभर साठलेली जुनी कापडं धुवायची आणि कातळावर घालायची. मे महिन्यात कातळ असा तापतो की दुपारी पाय ठेववत नाही. दोन उन्हं मिळाली की कापड कडकडीत.

पूर्वी आतले थर म्हणजे नऊवारी पातळं. सुती, धुवून धुवून मऊ झालेली. आता आईची दोनच उरलीत. माझ्या साड्या सिंथेटिक. त्या घातल्या की थर एकमेकांवरून घसरतात, सुई कुरकुरते, आणि अंगाखाली घाम येतो. म्हणून मी शोधते ते लुंग्या, चादरी, थोरल्याचे बाळपणीचे लंगोट आणि गाऊन. गाऊनला नावं ठेवणाऱ्या खूप आहेत, पण सुती गाऊन गोधडीच्या पोटात जसा बसतो तसं दुसरं काही बसत नाही. फक्त चेन उसवून काढायची आणि हुक मोजून काढायचे. माझ्या दुसऱ्या गोधडीत एक हुक राहिला होता. तो कुठे आहे ते नवऱ्याच्या पाठीला माहीत आहे.

(दृश्य : हात. कापड ताणणं, कोपऱ्यावर वरवंटा.)

खाली एक अख्खं पातळ. त्यावर बाकीची कापडं, कुठे फट राहणार नाही अशी. वर दुसरं पातळ. कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पाण्याची कळशी, हाताशी येईल ते वजन. मग हातभर लांबीचे कच्चे टाके घालून सगळं एकत्र धरायचं. हे काम झटपट उरकलं तर पुढे भोगावं लागतं. कडेनं फेरे घेत आत जाताना प्रत्येक फेरा थोडंसं कापड आतल्या बाजूला ढकलतो, आणि सैल राहिलेलं सगळं शेवटी मध्यावर येऊन जमतं. माझ्या पहिल्या गोधडीला मध्यावर चांगलं टोपलीएवढं पोट आलं होतं. आई बघून म्हणाली, "गोधडी गाभण रवली गो तुझी!" वाडीत महिनाभर तोच विनोद.

आमच्या खाली, कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, शिवतात. जुनीच कापडं, धावदोराच, आणि त्याही कडेनं सुरू करून आत येतात. चार कोपऱ्यांना त्या कापडाच्या घड्या लावतात, त्यांना 'फुला' म्हणतात. ते लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. आमच्याकडे कोपऱ्यांना असं काही नसतं. आमची गोधडी कधी पुरी झाली ते ज्याला पांघरायची घाई असेल तो ठरवतो.

(दृश्य : रात्र. फोनच्या उजेडात चेहरा.)

धाकटी झाली त्या वर्षी मी रात्री तिला पाजताना परदेशी बायकांचे क्विल्टचे व्हिडिओ बघायचे. वरचं कापड, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर. गोल पात्याचा कटर, खाली कापायची मॅट, चौकोनाला चौकोन जोडताना पाव इंचाची शिवण सोडायची. सुंदर असतं. मलाही वाटलं, करून बघूया. थोरल्याच्या जुन्या शर्टांचे ४० चौकोन मी कात्रीनं कापले, इस्त्री केली, रंगाप्रमाणे लावून ठेवले आणि दूध उतू यायला लागलं म्हणून आत गेले. परत आले तर थोरल्यानं त्यांची बाजारपेठ मांडली होती आणि धाकटी एक चौकोन चघळत होती. एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात ते मी डोळ्यांनी बघितलं.

तेव्हा एक लक्षात आलं. त्या कामाला एकसलग दोन तास लागतात. एक सूत चुकलं की शेजारचा चौकोन जुळत नाही. मशीन चालू ठेवून उठता येत नाही, आणि मशीनच्या पायट्यात रांगणारं मूल कधी बोट घालील त्याचा नेम नाही. धावदोरा तसा नाही. टाका अर्ध्यावर सोडा, भात उतरवा, पोराचं नाक पुसा, या, सुई जिथे होती तिथून पुढे. ज्यांना कुणी सलग बसूच दिलं नाही अशा बायकांनी हे शिवण बसवलंय, असा माझा तरी समज आहे. पुरावा माझ्याकडे नाही. मांडीवर आहे तेवढाच.

ते ४० चौकोन वाया गेले नाहीत. वरून ठिगळं म्हणून लावलेत, जिथे पातळ विरलं होतं तिथे. चघळलेला हा बघा, डाव्या कडेला.

(दृश्य : वहीतलं गणित.)

मी बारावीपर्यंत गणित घेतलं होतं, त्याचा उपयोग असा. गोधडी ६ फूट बाय ४ फूट. दोन ओळींत अर्धा इंच. म्हणजे सगळे फेरे सरळ केले तर ५७६ फूट शिवण. इंचाला २ टाके धरले तर १३,८२४ टाके. मला ६ फूट शिवायला पंधरा मिनिटं लागतात, कुणी हाक मारली नाही तर. एकूण २४ तास.

२४ तास म्हणजे एक दिवस. पण हा एक दिवस माझ्याकडे अख्खा कधीच येणार नव्हता.

आता दुसरा आकडा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा काळ, समुद्रही खवळलेला. ६१ दिवस ट्रॉलर बंदरात आणि नवरा घरात. होड्या शाकारलेल्या. २४ तासांना ६१ नं भागलं की दिवसाला २४ मिनिटं पडतात. रोज २४ मिनिटं, एवढंच मागितलं मी. लेखी नाही, पण चहा देताना मागितलं.

(दृश्य : नवरा ओटीच्या दुसऱ्या टोकाला जाळं शिवतोय. मांडीत धाकटी.)

पहिला आठवडा कसा गेला विचारू नका. "मी सांभाळतंय, तू बस," म्हणाला, आणि २४ मिनिटांत तीनदा हाक. "गो, हिचा फडका खय?" "गो, ही रडता कित्याक?" तिसऱ्या वेळी आईच आतून ओरडली. मग जमायला लागलं. त्याच्या हातात प्लास्टिकची सुई, नायलॉनचा दोरा, फाटलेलं जाळं. माझ्या हातात ही. थोरला मध्ये बसून दोघांचं परीक्षण करतो. बाबांची भोकं मोठी, आईची भोकं बंद, असा त्याचा निकाल आहे.

बाकीचा वेळ चोरून मिळतो. थोरला अंगणवाडीत गेला की थोडा. अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांची मुलं बसतात, म्हणून धाकटी घरीच. ती झोपली की अजून थोडा. कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये अर्धी ओळ होते. लाईट गेली की सगळ्यांचे फोन गप्प होतात आणि घर ओटीवर येऊन बसतं. पावसाळ्यात लाईट बरीच जाते. मला त्याचं फार वाईट वाटत नाही.

(दृश्य : जवळून. तीन सुया, लाल दोरे.)

सुयांचं सांगायलाच हवं. माझ्याकडे तीन सुया आहेत. चौथी घेत नाही. प्रत्येकीत कायम वीतभर लाल दोरा. बिनदोऱ्याची सुई घरात ठेवायची नाही, हा नियम मागच्या वर्षीपासून.

मागच्या वर्षी एक सुई हरवली. धाकटी तेव्हा रांगत होती, जमिनीवर दिसेल ते तोंडात. संध्याकाळचे सहा. मी केरसुणी घेतली, नवऱ्यानं जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढलं, आम्ही दोघं ओटी, माजघर, खळं (म्हणजे अंगण) गुडघ्यांवर फिरलो. चुंबकाला दोन खिळे आणि एक हेअरपिन लागली. मुलीला मी सारखी तोंड उघडायला लावत होते, तिला तो खेळ वाटत होता. रात्री नऊला सुई सापडली ती गोधडीच्याच दोन थरांमध्ये, जिथे मी टाका अर्धा सोडून उठले होते तिथे. त्यानंतर पंधरा दिवस मी शिवायला बसले नाही.

आता काम थांबलं की तिन्ही सुया मोजून कोनाड्यात. जुन्या बायका सुई पदरालाच खोचायच्या. अंगावर पिणारं मूल असेल तर ते करू नये. कोनाड्यात सुया खोबरेल लावलेल्या फडक्यात असतात, नाहीतर खाऱ्या हवेत आठ दिवसांत गंजतात. आई अजून शिवता शिवता सुई केसांतून फिरवते. तेलाच्या केसांतून गेली की सुई पाच-सहा थरांतून लोण्यासारखी जाते. माझ्या डोक्याला तेल लागायला रविवार उजाडतो, म्हणून मी दोऱ्यावर मेणबत्तीचा तुकडा ओढते.

आईच्या डोळ्यांना आता नेढं दिसत नाही. दोरा ओवायचं काम थोरल्याचं. टोक तोंडात धरून ओलं करतो, एक डोळा मिटतो. "हातभर घे रे, लांब घेतलंस तर गुंतता," आजी त्याला रोज सांगते आणि तो रोज दोन हात घेतो.

(दृश्य : आईचे हात, जुनी वाकळ उलगडताना.)

ही आईच्या लग्नानंतरची. हिला ती वाकळ म्हणते. चारही बाजूंचे टाके नीट बघा. इथे बारीक, इथे मोठे, इथे तिरके. मी समजत होते आईचा हात तेव्हा कच्चा होता. एक दिवस मी कुरकुरत होते, वेळच मिळत नाही म्हणून, तेव्हा ती म्हणाली, "आमका तरी खय येळ होतो गो? पण आमी चौघी होतव."

चार जावा, चार बाजूंना. एकीचं मूल रडलं की ती उठायची, तिची ओळ शेजारची पुढे न्यायची. रडणारं मूल बहुधा मधल्या जागेतच आणून टाकायचे. हे जे वेडेवाकडे टाके आहेत, ते चार हात आहेत. त्यातल्या दोघी आता नाहीत, एक मुंबईला लेकाकडे, आणि ही.

मी २४ तासांना ६१ नं भागत बसले होते. त्यांनी चारनं भागलं होतं.

त्यानंतर शेजारची माझ्याच वयाची एक येऊन बसायला लागली. तिलाही दोन मुलं. आठवड्यातून दोनदा ती इकडे, दोनदा मी तिच्याकडे. चारही पोरं एकत्र आली की गोंधळ वाढतो, कमी होत नाही, हे खरं. पण एकमेकांत गुंततात, आणि आम्हाला अर्धा तास मिळतो. तिचा टाका माझ्यापेक्षा मोठा आहे. सुरुवातीला मी तो रात्री उसवून परत घालायचे. आता नाही घालत.

(दृश्य : ऑगस्ट. बंदर, सुटणाऱ्या ट्रॉलर. मग चतुर्थीची गर्दी.)

३१ जुलै झाला, नवरा समुद्रावर गेला, आणि गोधडी राहिलीच. मध्ये दीड हाताचा चौकोन शिल्लक. श्रावणात सणवार, भाजीपाल्याचं काम, धाकटीचा ताप. चतुर्थी आली तेव्हा तो चौकोन वीतभरावर आला होता.

चतुर्थीला मुंबईचे चाकरमानी आले, घरात १४ माणसं. अंथरूण कमी पडलं. मोठ्या जाऊबाईंनी कोपऱ्यातली ही गोधडी उचलली. मी म्हटलं, अजून पुरी नाही झाली. "मधला भोक कोण बघता?" म्हणत त्यांनी अंथरलीसुद्धा. मी धावत जाऊन सुया मोजल्या. तीन. कोनाड्यातच होत्या. रात्री तिच्यावर पाच मुलं आडवी झोपली.

सकाळी ती ओली होती. कुणाचं काम ते कुणी कबूल केलं नाही.

(दृश्य : भाद्रपदातलं पहिलं लख्ख ऊन. खळ्यात दोरीवर गोधडी.)

धुतल्यावर सगळे टाके आवळले आणि मधला न शिवलेला चौकोन वर फुगून आला. ऊन मागून आलं की त्यातलं आईचं हिरवं पातळ दिसतं.

तिन्हीसांजेला काढून आणली. ऊब अजून होती तिच्यात. थोरल्याकडून दोरा ओवून घेतला, दोन हात लांब. चौकोनाच्या कडेनं एक फेरा घातला, दुसरा निम्मा झाला आणि आत कुकरची शिट्टी झाली.