डिकॉक्शन उतरेपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या घरी कॉफी दोनच प्रसंगी व्हायची: कुणी तापातून उठलं की, नाहीतर जागरण असलं की. आई दुधात चमचाभर पावडर टाकायची, भरपूर साखर घालायची आणि वरून जायफळ उगाळायची. ती कॉफी प्यायली की डोळे मिटायला लागायचे. कॉफीनं झोप उडते, यावर पंचविशीपर्यंत माझा विश्वासच नव्हता!

खरी कॉफी भेटली ती माटुंग्याला. रविवारी सकाळी किंग्ज सर्कलच्या उडप्यांकडे नंबर लावून उभं राहायचं. इडली संपली की अण्णा डवऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, पेला ठेवून जायचे. पेल्याची कड इतकी तापलेली, की ओठ लावायची सोय नाही. मग पेल्यातून डवऱ्यात, डवऱ्यातून पेल्यात. फेस येतो, वाफ निघून जाते आणि तेवढ्या वेळात समोरच्याशी चार शब्द होतात. पहिल्या घोटाला कडू लागली. तरी दुसरी मागवलीच.

पुढे फिल्टर घेतला. दोन मजली स्टीलचं भांडं, वरच्या मजल्याला बारीक भोकं. पावडर घ्यायला गेले तर दुकानदार विचारतो, “चिकोरी किती?” ही चिकोरी म्हणजे कॉफी नव्हेच, भाजून दळलेलं मूळ. तिनं रंग येतो, दाटपणा येतो. मी ऐंशी-वीसवर स्थिरावले. वरून उकळतं पाणी ओतलं की खाली थेंब थेंब डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, जमतं. पंधरा-वीस मिनिटं लागतात. घाई असेल त्यानं चहा घ्यावा.

बसण्याची चैन मात्र कॉफीचीच. कटिंग आपण टपरीवर उभ्यानं संपवतो. १९५०च्या दशकात सरकारी कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी सहकारी संस्था काढल्या आणि इंडियन कॉफी हाउसं स्वतः चालवायला घेतली. एका कपावर तासन् तास गप्पा मारणाऱ्यांना ही टेबलं त्यांच्यामुळे मिळाली. आताच्या वातानुकूलित कॅफेत एका कपाचे अडीचशे रुपये देताना माझा हात अजून अडखळतो. पण मैत्रीण समोर असली, तर ते खुर्चीचं भाडं समजते आणि तीन तास वसूल करते!

परवा आई आली होती. मी कौतुकानं फिल्टर कॉफी दिली. तिनं एक घोट घेतला, उठली आणि सहाणेवर जायफळ उगाळून आणलं. माझ्याही पेल्यात घातलं.

दुपारी आम्ही दोघी चार वाजेपर्यंत झोपलो.