लग्न कधी करायचं हे लँड ऑफिस ठरवतं

नमस्कार मंडळी. वेस्टर्न रोमान्स लिहिताना रिसर्च कसा करतेस यावर बोल असं सांगितलंय मला, तर बंदुका, घोडे आणि हॅट यांच्यावर मी फारसं बोलणार नाहीये, ती माहिती ढिगाने मिळते आणि अमुक रिव्हॉल्वर तेव्हा निघालं होतं का हे तपासणारे काका प्रत्येक वाचकवर्गात असतातच, ते आपल्याला सोडत नाहीत. माझी पहिली मोठी चूक बंदुकीची नव्हती, लग्नाची होती.

कादंबरी नेब्रास्कातली, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानातल्या राज्यातली, काळ 1880 नंतरचा. नायिका नवव्या प्रकरणात लग्न करते आणि अकराव्यात ऐटीत लँड ऑफिसात, म्हणजे सरकारी जमीन वाटणाऱ्या कचेरीत, जाऊन स्वतःच्या नावावर 160 एकरांचा अर्ज भरते. मी खूष, काय खमकी बाई लिहिलीय! मग एका वाचक बाईंचं पत्र आलं, दोनच ओळींचं: लग्न झालेल्या बाईला असा अर्ज करता येत नव्हता, तुमच्या नायिकेने केला कसा?

खरंच नव्हता येत. 1862 च्या होमस्टेड कायद्यात, म्हणजे सरकारी जमीन कसायला देणाऱ्या कायद्यात, अर्जदार 21 वर्षांचा तरी हवा किंवा कुटुंबप्रमुख हवा. प्रत्यक्षात अविवाहित बाई चालायची, विधवा चालायची, नवऱ्याने टाकलेली चालायची, पण नवऱ्याबरोबर सुखाने नांदणारी नाही. फी साधारण 18 डॉलर, आणि मग त्या जमिनीवर घर बांधून, नांगरून, पाच वर्षं तिथेच राहायचं, तेव्हा कुठे जमीन तुमची. मी चार दिवस तोंड लपवून बसले आणि मग डोक्यात आलं की अगं, हीच तर गोष्ट आहे! रोमान्समध्ये दोघांना लांब ठेवायला आपण काय काय गैरसमज रचतो, चोरलेली पत्रं, खाष्ट आत्या, आणि इथे सरकारने आयतीच अडचण करून ठेवलीय. तिची जमीन, त्याची शेजारची जमीन, दोघांची पाच वर्षं अजून भरायचीत. आत्ता लग्न केलं तर नवरा-बायको दोन वेगळ्या घरांत राहतात असं दाखवता येत नाही, म्हणजे एकाला जमिनीवर पाणी सोडावं लागणार. कोणी सोडायचं? माझी अख्खी दुसरी कादंबरी या एका प्रश्नावर उभी आहे.

तेव्हापासून मी इतिहासाची जाडजूड पुस्तकं नंतर वाचते, आधी जमिनीची फाइल, म्हणजे अशा एकेका अर्जाची सगळी कागदपत्रं. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये या फाइली ठेवल्यात, कॉपी मागवता येते. आपल्याला सातबारा माहिती आहे, पीकपाहणी माहिती आहे, तर समजा तलाठ्याने घरात किती खिडक्या आहेत तेही लिहून घेतलं, तशी ही फाइल. घराची लांबी-रुंदी, विहीर, किती एकर नांगरले, किती हंगाम पीक घेतलं. आणि पाच वर्षं भरल्यावर अर्जदाराला एक प्रश्न असायचा, तो वाचून मी खुर्चीत सरळ बसले: या काळात तुम्ही जमीन सोडून किती दिवस बाहेर होतात, आणि कशासाठी? हाच प्रश्न साक्षीदारांनाही. साक्षीदार कोण, तर शेजारी. त्यांची नावं आधी पेपरात नोटीस देऊन छापायची.

बाकी गोष्टी घराच्या. मी आधी शेकोटीत लाकडाचे ओंडके धडधडा पेटवले होते. अहो, त्या गवताळ मैदानात झाडंच नव्हती! जळण म्हणजे वाळलेलं शेण, आधी रानगव्यांचं, ते संपवल्यावर गाईचं, नाहीतर पिळून घट्ट केलेलं गवत, नाहीतर मक्याची बुरकुंडं. अमेरिकन लेखिकांना यावर दोन पानं लिहावी लागतात, मला आजीच्या चुलीतल्या गोवऱ्यांचा वास आठवला आणि एका ओळीत काम झालं. घरही लाकडाचं नाही, मुळांसकट कापलेल्या मातीच्या लाद्यांचं, त्याला सॉडी म्हणायचे. पाऊस थांबला तरी छत गळत राहायचं, माती पडू नये म्हणून आतून कापड ताणायचे, कधी त्या कापडावर साप. आता याच्याखाली चुंबनाचा सीन लिहून दाखवा.

सॉलोमन बुचर म्हणून एक फोटोग्राफर 1886 पासून नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत घरोघरी फिरत होता, त्याचे फोटो ऑनलाइन आहेत, तासन्‌तास बघा. एका फोटोत मोकळ्या अंगणात चक्क ऑर्गन ठेवलाय आणि कुटुंब त्याच्याभोवती उभं. का, तर बाईंना माहेरच्या लोकांना मातीचं घर दाखवायचं नव्हतं पण ऑर्गन मात्र दिसायला हवा होता. मग उचलून आणला बाहेर. ही बाई मला कल्पनेने सुचली नसती.

अमेरिकेच्या जनगणनेवर मात्र फार विसंबू नका, 1890 च्या नोंदी बहुतेक सगळ्या गेल्या, 1921 ला आग लागली होती.

आणि या फाइलींमध्ये काय नाही तेही बघायला लागतं. जमीन मोकळी होती असं त्या कागदांवरून वाटतं. तिथे पॉनी नावाच्या मूळ अमेरिकन जमातीची गावं होती लूप नदीकाठी, मक्याची शेती होती, आणि 1870 नंतरच्या काही वर्षांत त्यांना इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. माझी नायिका जिथे नांगर घालते तिथून त्यांना जाऊन दहा वर्षंही झालेली नाहीत. पहिल्या कादंबरीत मी हे लिहिलंच नव्हतं, त्याचं पत्र कुणाचं आलं नाही, हे मला जास्त लागलं.

तर त्या दुसऱ्या कादंबरीचा शेवट. नायिकेची पाच वर्षं भरलीत, जमिनीचा दाखला मिळायचाय, साक्षीदार म्हणून शेजारी, म्हणजे आपला हिरो, कारकुनासमोर उभा. कारकून छापील प्रश्न वाचतो: ही बाई जमीन सोडून किती काळ बाहेर होती? आणि हा माणूस, ज्याला स्वतःच्या गाईंची संख्या धड सांगता येत नाही, तो न थांबता सांगतो, पहिल्या हिवाळ्यात एकोणीस दिवस, बहिणीच्या बाळंतपणाला, मग मार्चमध्ये चार, दात दुखत होता म्हणून, मग ऑगस्टमध्ये एक रात्र. कारकून मान वर करून त्याच्याकडे बघतो. तीही बघते.

चला, चहा आलाय, प्रश्न चहा घेता घेता विचारा.