ओकायामातली शाळा, शनिवारची गाडी

(दृश्य : शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, फलाटावरून सुटते. ट्रामची घंटा. मग एका छोट्या गावातली शाळा, गेटाच्या आत सायकलींची रांग.)

ओसाकाहून हिरोशिमाला निघालेले बहुतेक पाहुणे ओकायामा खिडकीतूनच बघतात. शिन-ओसाकापासून पाऊण तास, मिनिटभराचा थांबा, की गाडी पुढे. जे उतरतात त्यांना पहिल्यांदा मोमोतारो भेटतो. पीचच्या फळातून जन्माला आलेला हा लोककथेतला पोरगा इथे सगळीकडे आहे. शहराच्या मुख्य रस्त्याला त्याचं नाव, विमानतळाला त्याचं नाव, मिठाईच्या खोक्यावर त्याचं चित्र. आणि पीच खरोखरच इथलं पीक. झाडावर असतानाच एकेका फळाला कागदाची पिशवी चढवतात, आणि उन्हाळ्यात ती पांढुरकी फळं खोक्यात बसून गावोगाव रवाना होतात. आमच्या रत्नागिरीहून आंब्याची पेटी जशी साहेबांकडे, व्याह्यांकडे, डॉक्टरांकडे जाते, तशीच.

मी याच प्रांतातल्या एका लहान गावात इंग्लिश शिकवते. आठवड्यातले चार दिवस माध्यमिक शाळा, म्हणजे आपली सातवी ते नववी, आणि एक दिवस प्राथमिक. गावाचं नाव सांगणार नाही, मुलांचे चेहरेही दाखवणार नाही. तशी शाळेची अट आहे आणि ती मला पटते. त्यामुळे या फिल्ममध्ये तुम्हाला बूट, हात आणि पाठी जरा जास्तच दिसतील.

(दृश्य : चपलांचं कपाट. बाहेरचे बूट काढून आतले बूट घालणारे पाय.)

जपान सरकारने १९८७ साली परदेशी तरुणांना शाळांमध्ये आणण्याचा ‘जेट’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. करार एका वर्षाचा, फार तर पाच वर्षांपर्यंत वाढतो. पहिल्या वर्षाचं वेतन बरीच वर्षं ३३ लाख ६० हजार येन होतं. येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त अमेरिकेतले, भारतातून येणारे अगदी मोजके. याशिवाय खाजगी कंपन्यांमार्फत येणाऱ्यांचा वेगळाच पसारा आहे. काम तेच, पगार आणि रजा बहुधा कमी.

हुद्दा सहायकाचा. वर्गात जपानी शिक्षिका असते, तिच्या जोडीला मी. व्याकरण तिचं, उच्चार आणि गप्पा माझ्या. तास पन्नास मिनिटांचा. कधी कधी त्यातली चाळीस मिनिटं मी नुसती उभी असते, आणि शेवटी एक उतारा मोठ्याने वाचते. अशा दिवशी कोणी मला टेपरेकॉर्डर म्हटलं, तर मी वाद घालणार नाही. उलट प्राथमिक शाळेत दुपारपर्यंत घसा बसतो. तिसरी-चौथीला खेळ आणि गाणी असतात. पाचवी-सहावीला २०२० पासून इंग्लिश हा रीतसर विषय झाला, मार्कांसकट. तिथल्या वर्गशिक्षकांपैकी कित्येकांनी इंग्लिश शिकवायचं असं कधी ठरवलेलंच नव्हतं. ते माझ्याकडे ज्या आशेने बघतात, ती बघून मला माझ्याच गावातले गणिताला घाबरणारे मास्तर आठवतात.

आता तुमच्या मनात आलेला प्रश्न. भारतातली बाई इंग्लिश शिकवणार, हे यांना चालतं का? मोठ्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर तो प्रश्न मी वाचलाय. मुलांना तो पडत नाही. त्यांचे प्रश्न वेगळे असतात. रोज करी खाता का? हत्तीवर बसलात का? पहिल्या तासाला मी फळ्यावर लिहिलं : घरात मराठी, टीव्हीवर हिंदी, कॉलेजात इंग्लिश. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, मग परीक्षा किती भाषांची असते? त्याला भीती वाटत होती ती परीक्षेची. इंग्लिश ही कोणा गोऱ्या माणसाच्या घरची वस्तू नसून बाजारात, बँकेत, कोर्टात वापरायचं हत्यार आहे, हे माझ्या असण्यातून त्यांना कळत असेल, तर तेवढ्यासाठी माझा पगार वसूल झाला असं मी समजते.

(दृश्य : पांढरे एप्रन, पांढऱ्या टोप्या. मोठ्या पातेल्यातून सूप वाढणारे हात. दुधाची खोकी.)

जेवण वर्गातच. वाढपी मुलंच, पाळीपाळीने. तेच ताट मुख्याध्यापक मुलांच्या आधी खाऊन बघतात. ती रीतच आहे. सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय कोणी घास उचलत नाही, आणि उरलेल्या पुडिंगसाठी दगड-कागद-कात्रीचा सामना होतो, त्यात बाईंनाही सूट नाही. मी कोकणातली, त्यामुळे ताटात साबा आला की माझा दिवस चांगला जातो. तो बांगड्याच्या भावकीतलाच. शाकाहारी मैत्रिणी मात्र घरून डबा नेतात, कारण इथल्या साध्या दिसणाऱ्या मिसो सूपच्या तळाशीही माशाचा अर्क असतो.

जेवणानंतर झाडलोट. स्पीकरवर संगीत लागतं आणि सगळी शाळा फडकी, झाडू घेऊन कामाला लागते. जिना माझ्याकडे आहे. परदेशी लोक या पंधरा मिनिटांचे व्हिडिओ काढून शिस्तीचे गोडवे गातात. शाळेत शिपाई असतात, आणि मुलं कोपरे सफाईने टाळतात, हेही सांगायला हवं. पण आपल्याकडे शाळेचं संडास कोण धुतं आणि त्या माणसाला कोण काय म्हणून हाक मारतं, हे आठवलं की मी त्या व्हिडिओंना नावं ठेवायची थांबते.

चार वाजता माझी वेळ संपते. मी निघते, बाकीचे शिक्षक बसलेले असतात. २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानी माध्यमिक शिक्षकांचा कामाचा आठवडा ५६ तासांचा निघाला, त्या पाहणीतल्या सगळ्या देशांत सर्वांत लांब. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सरांकडे इंग्लिश आणि बेसबॉल असं दोन्ही आहे. शनिवारीही ते मैदानावर असतात. शनिवार-रविवारच्या सरावाची जबाबदारी शाळांकडून स्थानिक क्लबांकडे सोपवण्याचं सरकारने २०२३ पासून हाती घेतलंय, पण लहान गावात क्लब कुठून आणायचा? म्हणजे शनिवार मोकळा असलेली शिक्षकांच्या खोलीतली जवळपास एकटीच मी. माझी भटकंती याच मोकळेपणातून सुरू झाली, हे आधीच सांगून टाकते.

(दृश्य : एका डब्याची गाडी, भातशेतं. मग कोराकुएनची हिरवळ, मागे काळा किल्ला.)

ओकायामातली कोराकुएन बाग पुण्याच्या लोकांना न बघताही थोडी माहीत असते. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेवरून उभं राहिलं, पुणे-ओकायामा मैत्रीची खूण म्हणून. मूळ बाग इकेदा त्सुनामासा या सरदाराने १६८७ साली बांधायला घेतली, ती १७०० साली पूर्ण झाली. मला तिच्यातलं आवडतं ते हे, की राजेशाही बागेच्या मधोमध भाताचं खाचर आहे आणि एका बाजूला चहाची झुडपं. पिंजऱ्यात लाल डोक्याचे क्रौंच आहेत. युद्धानंतर इथे एकही उरला नव्हता. १९५६ साली चीनचे लेखक गुओ मोरुओ यांनी एक जोडी भेट दिली, कारण तरुणपणी ते ओकायामात शिकायला होते. नदीपलीकडचा काळा किल्ला मात्र फोटोतच जुना. मूळचा १५९७ चा, जून १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळला. आज दिसतो तो १९६६ चा, सिमेंटचा, आत लिफ्ट आहे.

शेजारच्या कुराशिकी शहरातला कालवा, पांढऱ्या भिंतींची गोदामं आणि १९३० सालचं ओहारा कला संग्रहालय यांचे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगाने आहेत. ते सुंदर आहे. पुढे जाऊ.

(दृश्य : योशिनागा स्टेशनपासूनचा डोंगराकडे जाणारा रस्ता. गोल पाठीची दगडी भिंत.)

जिथे पर्यटक फारसे येत नाहीत आणि मी पुन्हा पुन्हा जाते, ती जागा म्हणजे शिझुतानी. बिझेन भागातल्या एका दरीत १६७० साली इकेदा मित्सुमासा या सरदाराने शाळा काढली. सामुराई घराण्यांतल्या मुलांसाठी शाळा जपानात निघत गेल्या. ही शाळा सामान्य रयतेच्या मुलांनाही खुली होती. १६७० म्हटलं की मराठी माणसाला तानाजी आणि कोंढाणा आठवणार, मलाही आठवला. तिकडे आपण गड घेत होतो तेव्हा इथे शेतकऱ्यांच्या पोरांसाठी शाळेची जागा ठरत होती, असा विचार करून मी थोडी ओशाळते. मग दुसरा विचार येतो, की या सरदाराला लढायला शत्रूच उरला नव्हता. शांतता असली की शाळा सुचतात.

आज दिसतं ते सभागृह १७०१ साली पूर्ण झालं. राष्ट्रीय ठेवा म्हणून ते जपलंय. छपराची कौलं बिझेनच्या भट्टीतली, तपकिरी. जमीन लाकडी आणि इतकी घासलेली, की खिडक्या तिच्यात उलट्या दिसतात. शाळेभोवती सातशे पासष्ट मीटरची दगडी भिंत आहे. तिची पाठ अर्धगोल, आणि दगड एवढे घट्ट बसवलेत की फटीत गवतसुद्धा फारसं उगवत नाही. चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या मंदिरासमोर दोन मोठी झाडं आहेत. नोव्हेंबरात एक लाल होतं, एक पिवळं. प्रांतातल्या शाळांची मुलं अजूनही शिबिराला इथे येतात, त्या जमिनीवर गुडघे मोडून बसतात आणि कन्फ्यूशियसची वचनं एका सुरात म्हणतात. एकदा मी बाहेर उभी राहून ते ऐकलं. एकाच्या पायाला मुंग्या आल्या आणि तो कलंडला. शेजारचा हसला. म्हणणं चालूच.

(दृश्य : पुलाच्या लोखंडी तुळयांमधून धावती गाडी, खाली समुद्र आणि बेटं.)

समुद्र हवा असला की मी दक्षिणेला जाते. ओकायामाहून समुद्रापलीकडच्या ताकामात्सू शहराला जाणारी गाडी सेतो महापुलाच्या पोटातून धावते, वर मोटारींचा रस्ता आणि खाली रूळ. बेटांवर पाय टेकत गेलेला हा जवळपास तेरा किलोमीटरचा पूल १० एप्रिल १९८८ रोजी सुरू झाला. पलीकडे उतरून लोक उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, खातात, मीही खाते. पण हा पूल का झाला, ते मला आमच्या मुख्याध्यापकांनी सांगितलं. तोपर्यंत ही खाडी बोटीने ओलांडायची. ११ मे १९५५ ला धुक्यात ‘शिउन मारू’ ही बोट दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. १६८ माणसं गेली. त्यात शंभर जण सहलीला निघालेली शाळेची मुलं होती, आणि त्यातही मुली फार. त्या दुर्घटनेनंतर पुलाच्या मागणीला जोर आला. शाळाशाळांतून पोहायला शिकवण्याचाही आग्रह वाढला. आमच्या शाळेमागे तलाव आहे. जूनमध्ये तो भरतात, आणि बिनकामाचे असले की सर खिडकीतून बाहेर बघत पोरं मोजतात.

नाओशिमा बेट उनो बंदरातून वीस मिनिटांवर. चित्रकार-शिल्पकार यायोई कुसामांनी घडवलेला पिवळा भोपळा तिथे धक्क्यावर आहे. २०२१ च्या वादळात तो समुद्रात गेला होता, पुढच्या वर्षी नवा बसवला. त्याच्यासमोर फोटोची रांग असते, ती मला सोसत नाही. त्यापेक्षा संध्याकाळच्या बोटीत बसावं.

(दृश्य : शिक्षकांची खोली. प्रत्येक टेबलावर एकेक पुडी.)

बाहेरगावी गेलात की येताना शिक्षकांच्या खोलीसाठी खाऊ आणायचा. सुट्या वेष्टनातला, माणशी एक. सोमवारी सकाळी तो टेबलांवर ठेवत फिरलं, की माझा शनिवार कुठे गेला हे चहाच्या आधी सगळ्यांना ठाऊक होतं. सुरुवातीला याचा मला जाच वाटायचा. आता त्या पुडीवरून जे बोलणं निघतं तेवढंच, ज्यांच्याशी वर्षभर कामापलीकडे बोलणं झालं नाही अशा लोकांशी होतं.

आणि सोमवारचा तास. शनिवार-रविवारी कुठे गेला होतात, काय केलंत, हा प्रश्न विचारायला मला कायमचा नेमून दिलाय. भूतकाळाचा सराव. मी सांगते : शिझुतानीला गेले, पूल ओलांडला, उदोन खाल्ला. मग मुलांची पाळी. सराव होता. सराव होता. सराव होता आणि झोपलो. बँडमधल्या मुलीला दोन्ही दिवस ट्रॉम्बोन. टेबल टेनिसवाल्याचा सामना होता, हरला. माझ्या फोटोतला कोराकुएन बघून एकाने विचारलं, तिकिटाला किती पडतात? शहर तासाभरावर, आणि तो तिथे कधी गेलेला नाही. परदेशातून आलेली बाई त्यांना त्यांचाच प्रांत दाखवत असते. हे उलटं आहे, आणि ते मला खटकतं.

म्हणून यंदा मी प्रश्न फिरवला. मी कुठे जाऊ, ते तुम्ही सांगा, इंग्लिशमध्ये. बहुतेकांनी ओकायामातल्या मोठ्या मॉलचं नाव दिलं. मागच्या बाकावरच्या त्या परीक्षेला घाबरणाऱ्या मुलाने वहीत बराच वेळ खाडाखोड केली आणि तीन शब्दांचं वाक्य वाचलं : माझा सामना बघा.

तो बेसबॉलच्या संघातला राखीव गोलंदाज आहे. सामना या शनिवारी, नाकाशोच्या मस्कत स्टेडियममध्ये, ओकायामा आणि कुराशिकीच्या मधल्या स्टेशनावर. सर म्हणाले, खेळेलच असं नाही. मी सातची गाडी पकडणार आहे, ती चुकली तर पुढची तासाने. डबा न्यायचा नाही, हे त्याच्या आईने फोन करून बजावलंय. ओनिगिरी, म्हणजे भाताचे गोळे, ती आणणार आहे. बाईंना मासा चालतो ना, एवढं मात्र तिने दोनदा विचारून घेतलं.